माझ्या पायाला बांधलेल्या सात गाठी

मी देवळाच्या पायऱ्यांशी बसलेला दगडी कुत्रा बोलतोय. लोक कुत्रा म्हणतात म्हणून कुत्रा. आयाळ सिंहाची, कपाळावर शिंग, आणि मला घडवणाऱ्या पाथरवटाने जन्मात सिंह पाहिलेला नव्हता. तेव्हा मी नक्की कोण, हे मला विचारू नका. माझंच डोकं चालेनासं होतं.

समोर माझा जोडीदार बसलाय. त्याचं तोंड उघडं, माझं मिटलेलं. तो जगातला पहिला उच्चार आणि मी शेवटचा, असं पुजारी सांगतो. दोघांनी मिळून वाईट ते बाहेरच अडवायचं, एवढं काम मला कळतं. पण आमच्या या जपानी बंदरात आणखी एक काम माझ्या गळ्यात मारलंय. ज्याने घर सोडून जाऊ नये असं वाटतं, त्याच्या नावाने माझ्या पायाला दोरा बांधतात. बांधायचं एकाला आणि अडायचं दुसऱ्याने, हे गणित मला कधी सुटलं नाही.

एका वसंतात सुकी मासळी विकणारी विधवा तोसे आली. तिची एकुलती एक लेक नुई, एकोणीस वर्षांची, ओसाकाच्या सूतगिरणीत कामाला निघाली होती. तोसेने माझ्या पुढच्या पायाला सुतळीच्या सात गाठी मारल्या.

"बाबा, एवढी एकच आहे मला. धरून ठेव."

धरून ठेव म्हणे! या पायऱ्यांवर घसरणारं माणूससुद्धा मला कधी धरता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नुई निरोपाचा नमस्कार करायला आली. मासळी ओवायची सुतळी आणि आईची गाठ तिने लगेच ओळखली. बराच वेळ ती माझ्या पायाकडे बघत उभी राहिली. पोरी, मी कुणालाही धरलेलं नाही, तू खुशाल जा, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण दगडाचा कसला आवाज! ती उतरली ती थेट घराकडे. बोट तिला न घेताच सुटली.

तोसेने माझ्या पायांवर साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतली. गावभर माझं नाव झालं. मला मात्र फुगावं की शरमावं कळेना.

नुई राहिली, पण तिचं हसणं गेलं. सांगितलेलं करी, विचारलं तर उत्तर देई, बस. तोसे दरवर्षी जुनी सुतळी काढून नवी बांधी आणि लेकीकडे बघणं टाळी. आठव्या वसंतात मात्र ती लेकीचा हात धरून आली आणि माझ्या पायाच्या गाठी दातांनी सोडवू लागली.

"चुकले गं मी. जा आता. मोकळी आहेस."

नुईने सुटलेली सुतळी गुंडाळून ठेवली. "आई, गिरणीत कोवळ्या पोरीच घेतात. मी सव्वीसची झाले."

तोसे माझ्या पायावर डोकं टेकून रडली. माफी ती माझी मागत होती की लेकीची, हे मला अजून उमगलेलं नाही. मी खरंच नुईला धरलं होतं का, तेही नाही.

आजही लोक दोरे घेऊन येतात. बांधायचेच असतील तर बांधा. मी दगड, मला कुठे जायचंय? पण ज्याला जायचंय, त्याच्याशी आधी घरी बसून बोला.