आधीचा समज

अहवाल पाचला द्यायचा होता आणि तीन वाजले तरी तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. हॉस्पिटलचे अकरा वॉर्ड, नऊशे पेशंटांचे आकडे. ऑपरेशननंतर कुणाची जखम चिघळली आणि त्यात वॉर्डाचा दोष किती, एवढंच शोधायचं. पण सातव्या वॉर्डाची सिस्टर म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. हे तिने ऑफिसात कुणाला सांगितलंच नव्हतं. झाकली मूठ!

आधी तिने वॉर्डाचा वाटा वेगळा काढून दाखवणारं, नेहमीचं मिक्स्ड मॉडेल कॉम्प्युटरवर चालवलं. ते म्हणालं, वॉर्डावॉर्डांत फरक शून्य. तिला केवढं हायसं वाटलं! पण मेलं ते शून्यच संशयाचं. वॉर्ड मोजके असले की हे मॉडेल कधीकधी हात वर करतं आणि शून्य ठोकून देतं, हे नव्या मुलांना तीच शिकवायची.

मग आकडेमोडीची दुसरी पद्धत, बेझियन. तिथे आकडे बघण्याआधीचा आपला समज लिहून द्यावा लागतो. वॉर्डावॉर्डांत थोडाफार फरक असतोच, एवढंच तिने लिहिलं, आणि सातवा वॉर्ड उठून दिसला. म्हणजे ताईची चौकशी, अठ्ठावीस वर्षांची नोकरी पाण्यात. तिने समज चार वेळा बदलून पाहिला. लाज वाटत होती, तरी पाहिला. दर वेळी सातवाच.

शेवटी तिने ताईला फोन लावला.

"ताई, आकडेबिकडे सोड. तुला स्वतःला काय वाटतं गं?"

पलीकडचा वॉर्डातला गलका मागे पडला; ताई फोन घेऊन बाजूला गेली असावी.

"हत्यारं निर्जंतुक करायचं आमचं मशीन नीट तापत नाही," ताई हळूच म्हणाली. "महिना झाला. तोंडी बोलले दोनदा. लेखी दिलं तर वॉर्डच बंद करतील, म्हणून... उद्या चार ऑपरेशनं आहेत गं."

बेझियन अहवाल घेऊन ती तडक साहेबांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी कागद बाजूला सारले. "बहीण? अहो, हे आधी नाही का सांगायचं? आता हा अहवाल कोण मानेल? दुसऱ्याकडून नव्याने करून घ्यावा लागेल. आठ दिवस तरी लागतील."

"साहेब, ऑपरेशनं उद्या आहेत!"

"ऐकीव गोष्टीवर मी वॉर्ड बंद करू?"

ती जिन्यात येऊन बसली. तिने पुन्हा ताईला फोन लावला.

"ताई, माझ्या कागदाला काडीची किंमत उरली नाही. माझ्याच मूर्खपणामुळे. आता तुलाच लेखी द्यावं लागेल. आत्ता."

ताई रडत होती. रडतारडताच म्हणाली, "सांग, काय लिहू?"