विकासच्या वाट्याच्या सुया

तांड्यावर मोबाइलला रेंज एकाच ठिकाणी येते. पाण्याच्या टाकीच्या शिडीवर, तीही आठव्या पायरीच्या पुढे. त्यामुळे जगातली कुठलीही बातमी आधी तांड्याचे प्रमुख रतनसिंग नायक यांना कळते, कारण पासष्टाव्या वर्षी शिडी चढायची हौस त्यांना एकट्यालाच आहे. त्या मंगळवारी सकाळी ते शिडीवरून एक व्हिडिओ घेऊन उतरले आणि माझ्या डोक्याला ताप झाला.

मी शकुताई, आशा वर्कर. पुसेगावच्या अलीकडे आमचं गाव, तिथल्या शेतकऱ्याची सून. गावाच्या वरच्या अंगाला हा तांडा आहे आणि नऊ वर्षांपासून तोही माझ्याकडे आहे. तांड्यातली बंजारा माणसं आपसांत त्यांची गोरमाटी बोलतात, माझ्याशी मराठी, आणि मला काही कळू द्यायचं नसेल तर फार भरभर गोरमाटी. आता मला तीही कळते. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

बारा वाजता सिस्टर लसींचा निळा डबा घेऊन यायच्या होत्या. यादीत पहिलं नाव पुनमच्या सृष्टीचं होतं. नऊ महिने पूर्ण, गोवराची पहिली सुई. पलीकडच्या तांड्यावर आठ दिवसांपूर्वी दोन लेकरांना गोवर निघाला होता, म्हणून मला सृष्टीची सुई आजच द्यायची होती. पुढच्या महिन्यावर ढकलली असती तर महिनाभर माझ्या घशाखाली घास उतरला नसता.

मी दहालाच पोचले, तर नायकांच्या ओट्यावर अख्खा तांडा जमलेला.

"या शकुताई, बसा. बरं झालं आले तुमी," नायक म्हणाले आणि मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. पडद्यावर एक गोरा माणूस टाय लावून बोलत होता आणि त्याच्या तोंडात हिंदी आवाज भरला होता. गोवराची सुई दिली की लेकराची वाचा जाते, त्याला ऑटिझम होतो, असं तो छातीठोकपणे सांगत होता.

"कोण हाय हा?" मी विचारलं.

"डॉक्टर असंल. टाय हाय ना."

"टाय तर बँडवालाबी बांधतो, नायक."

बायका खी खी करून हसल्या. नायकांनाही हसू आलं, पण ओट्यावर बसलेल्या नायकाला हसून चालत नाही म्हणून ते खोकले.

मी माझ्या परीने सांगून पाहिलं. ही शंका काही आजची नाही. जगभरच्या डॉक्टरांनी लाखो लेकरं तपासली, सुई दिलेली आणि न दिलेली, आणि सुईचा ऑटिझमशी काही संबंध निघाला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सगळ्यांनी माना वळवून विकासकडे पाहिलं.

विकास ओट्याखाली बसून सगळ्यांच्या चपला लावत होता. तो निताचा मुलगा, साडेचार वर्षांचा. त्याला ऑटिझम आहे असं अडीच वर्षांपूर्वी हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. बोलतो अगदी थोडं, गोंगाट झाला की कान झाकतो, आणि चपला दिसल्या की लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडतो. अर्धा बोटभर फरकही त्याच्या नजरेतून सुटत नाही. नायकांची डावी चप्पल उजवीपेक्षा झिजलेली आहे हे तांड्याला त्याच्यामुळे कळलं.

"लाखो लेकरं कोनी पाह्यली, ताई?" नायक म्हणाले. "आमी हे एक पाहून राहिलो ना."

"माझी पोरगी हाय," पुनम म्हणाली. सृष्टी तिच्या मांडीवर बसून तिचं मंगळसूत्र चघळत होती. "मला ना तुमचं समजत, ना त्या टायवाल्याचं. जिच्या घरात घडलं ती सांगंल. निताभाभी जे म्हनंल ते मी करीन."

झालं. टायवाला राहिला बाजूला, मीही राहिले बाजूला. आता सगळं निताच्या शब्दावर होतं.

निता उठली. विकास पोटात असल्यापासून मी तिला ओळखते. तांड्यात माझं सगळ्यात जास्त ऐकणारी बाई. ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, दिवाळीनंतर जायचं ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. लेकरू सासूजवळ, भिकाबाईंजवळ. त्यांना ती याडी म्हणते, म्हणजे आई. तिथून ती गावात माझ्या फोनवर भिकाबाईंशी बोलायची आणि घरच्यांची खुशाली विचारायच्या आधी सुईचं विचारायची. मला वाटलं, ही माझीच बाजू घेणार.

"मी कारखान्यावर व्हते," निता म्हणाली. "पयल्या वर्षी फोनवर याडीला सांगितलं, नऊ महिने भरले, गोवराची सुई चुकवू नको. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या सुईचं सांगितलं. याडीनं दोन्ही दिल्या, कार्डावर हायेत. मंग पोरगं असं झालं." तिचा आवाज कोरडा होता. "ताई म्हनतात सुईनं होत न्हाई. डॉक्टर बी म्हनले. पन मी रोज उठून एकच इचार करते, मी फोन केला नसता तर? माझ्याच तोंडानं मी माझ्या पोराला... पुनम, माझं इचारशील तर नको देऊ."

अडीच वर्षं ही बाई हे पोटात घेऊन माझ्यापुढे चहाचा कप ठेवत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, तिचा नाही, माझाच.

नायकांनी घसा साफ केला. "मंग तांड्याचा निर्णय असा, की..."

"थांबा नायक."

आवाज मागून आला. भिकाबाई. सगळ्यांना चहा देत फिरत होत्या, हातात किटली तशीच. निता त्यांना याडी म्हणते, आणि त्याही तिला लेकीसारखंच वागवतात. आता त्या सुनेकडे बघत नव्हत्या. किटलीकडे बघत होत्या.

"सुई दिलीच न्हाई," भिकाबाई म्हणाल्या.

"कोनाला?" नायकांनी विचारलं.

"इकासला. दोन्ही येळेस न्हाई दिली."

"अवं, असं कसं!" मी ताडकन उठले. "मी सोता लिहिलंय कार्डावर. माझ्या समोर दिली सिस्टरनं. तुमच्याच मांडीवर व्हतं लेकरू."

"मांडीवर योगेश व्हता," भिकाबाई म्हणाल्या.

ओट्याखाली विकास चपला मांडतच होता.

योगेश म्हणजे शेजारच्या रूपाबाईंचा नातू, विकासपेक्षा आठ दिवसांनी लहान. त्याचेही आईबाप ऊसतोडीला. रूपाबाई कापूस वेचायला गेल्या की योगेश भिकाबाईंकडे. आता आमच्याकडे लेकराला दृष्ट लागू नये म्हणून काजळ लावतात, ते काही नावाला लावत नाहीत. कपाळावर रुपयाएवढी तीट, दोन्ही गालांवर, हनुवटीवर, आणि हे कमी पडलं तर भुवयाही काजळाने ओढायच्या. वरून डोळ्यांपर्यंत टोपडं. तसं लेकरू समोर आणलं तर त्याची आईही दोनदा बघेल. मी एकदाच बघितलं आणि कार्डावर झोकात लिहिलं, विकास. दुसऱ्या वर्षीही तेच. माझ्या रजिस्टरात चूक सापडत नाही असं मी मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगत असते.

"तीन म्हैन्याच्या सुईनं लेकराला ताप आलता, नितानं रातभर खांद्यावर फिरवलं," भिकाबाई म्हणाल्या. "मंग ती गेली. मी एकटी. माझं धाडस न्हाई झालं. पन ती आल्यावर कार्ड पाहते ना! म्हनून मंग..."

"माझा नातू दिला काय गं ढकलून?" रूपाबाई कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. "अगं, मी त्याला म्हैन्यानं माझ्या हातानं नेलता की! दोन्ही वर्षी! म्हंजी माझ्या लेकराला चार सुया?"

सगळ्यांनी बोटांवर मोजलं. चार. मग सगळ्यांनी योगेशला शोधलं.

तो शोधावा लागत नाही. योगेश सकाळी डोळे उघडतो तेव्हा त्याचं तोंड आधीच चालू असतं. तेव्हाही तो विकासशेजारी बसून त्याला एका कुत्र्याची गोष्ट सांगत होता, जी आपण येण्याआधी सुरू झाली होती आणि आपण गेल्यावरही चालूच राहिली असती. अख्ख्या तांड्यात त्याचं सगळं ऐकून घेणारा विकास एकटाच. सिस्टरसोबत मी दिसले की योगेश पळून जायचा. मला वाटायचं लाजतं पोरगं. आता कळलं.

"नायक," मी म्हटलं, "तुमच्या टायवाल्याला फोन लावा. म्हनावं, चार सुयावालं पोरगं बोलायचं थांबून न्हाई राहिलं, काय करावं?"

आधी पुनमला हसू फुटलं, मग बायकांना, मग नायकांनाच. ओट्यावरचे लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले. कुणाचा तरी चहा नायकांच्या धोतरावर सांडला. आणि त्या गोंधळात मागून एक म्हातारी गंभीरपणे म्हणाली, "म्हंजी सुईनं लेकरू लई बोलतं व्हय? मंग आमच्याकडच्या पोरींला नका देऊ बाई."

"न्हाई!" मी ओरडले. "सुईनं बोलनं जात न्हाई आन् येत बी न्हाई! दोन लेकरांवरून काहीच ठरत न्हाई. सुईनं गोवर थांबतो. बस! एवढंच काम हाय तिचं!"

विकासने कान झाकले. मी आवाज खाली घेतला.

निता मात्र हसत नव्हती. ती सासूसमोर जाऊन उभी राहिली. भिकाबाईंनी डोळे मिटले, आता बसते कानाखाली अशा तयारीने.

"म्हंजी मी न्हाई केलं?" निता म्हणाली.

"न्हाई बेटा. कोनीच न्हाई केलं. तू जायच्या आधीपासूनच हाक मारली तर तो पाहत न्हवता. मला माहीत व्हतं."

"अडीच वर्षं, याडी! अडीच वर्षं मला रडताना पाहून राहिली तू!" ती खरंच चिडली होती, तिने किटली हिसकावून घेतली, ती कुठे आपटावी ते तिला कळेना, आणि मग तिच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं रडली. ती हसत होती. किटली छातीशी धरून, डोळ्यांतून पाणी गळत, श्वास लागेपर्यंत हसत होती. "चार सुया! योगेशला! काजळ लावून!" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. भिकाबाई आधी बावरल्या, मग त्यांनी हळूच तिच्या पाठीवरून हात फिरवला. निताने तो झटकला, आणि थोड्या वेळाने फिरवू दिला.

बारा वाजता सिस्टर आल्या. निळा डबा ओट्यावर ठेवला तेव्हा सगळ्यांच्या पुढे निता होती, कडेवर विकास.

"याची राहिली हाय. पाच वर्षांच्या आत देता येती ना? आधी याला द्या."

भिकाबाई माझ्याजवळ सरकल्या. अगदी हळू म्हणाल्या, "ताई, आता दिली तर बोलंल का गं तो?"

त्यांना होय म्हणायचा मला फार मोह झाला. "न्हाई, भिकाबाई. गोवर होनार न्हाई, एवढंच."

"एवढंच पायजे," निता म्हणाली.

विकासचं सगळं लक्ष डब्याच्या खटक्यावर होतं. खट उघड, खट बंद. सुई टोचली तेव्हा तो एकदाच दचकला, सिस्टरकडे रागाने बघितलं आणि पुन्हा खटक्याकडे वळला. त्याच्यामागे पुनम सृष्टीला घेऊन उभी होती. तेवढ्यात सुई दिसल्यामुळे योगेश टाकीच्या शिडीवर चढला आणि आठव्या पायरीवरून अख्ख्या जगाला ऐकू जाईल असा ओरडू लागला, "माझं झालंय! माझं चारदा झालंय!"

मी विकासचं कार्ड काढलं. जुन्या दोन तारखांवर रेघ मारली, खाली आजची घातली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच माझ्या हातची चूक माझ्याच सहीने कबूल केली.

निताला फारसं वाचता येत नाही. तिने कार्डावर बोट ठेवलं. "काय लिहिलं, ताई?"

"गोवराची पहिली सुई, आजची तारीख."

"आन् त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी एकबी न्हाई."

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. तिने मला ते तिसऱ्यांदाही वाचायला लावलं.