मी, दवाखान्यातला परतीचा पाईप

मी परतीचा पाईप बोलतोय. जरा भराभर बोलतो, सांभाळून घ्या. चोवीस तास पोटातून पाणी धावत असलं की निवांत बसायचं कसं?

माझा मुक्काम दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीतल्या माशांच्या टाकीवर. टाकी अ‍ॅक्रिलिकची. तिच्या कोपऱ्यात कंगव्यासारखे दाते असलेला एक खण आहे. काठोकाठ आलेलं पाणी त्या दात्यांतून खणात सांडतं, नळीने खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत उतरतं, गाळलं जातं, आणि पंप ते माझ्यातून पुन्हा वर ढकलतो. मासे वर मजेत. धावपळ सगळी माझी.

आखणी डॉक्टरांची. औषधांच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर तीन आठवडे नुसतं खोडणं चाललं होतं. टाकीला एकदा भोक पाडलं की पाडलं, म्हणून ते ड्रिलला हातच लावेनात. शेवटी त्यांचे वडील वैतागले. त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणतात.

"अरे, दाताला पाडतोस तसंच. हळू फिरव, पाणी सोडत राहा. तापलं तर वितळेल."

टाकीचं झालं. मग डॉक्टरांना माझा घोर लागला. माझं तोंड पाण्यात बुडालेलं. वीज गेली, पंप थांबला, तर वरचं पाणी माझ्यातूनच उलटं खाली येणार आणि खालची टाकी ओसंडणार. म्हणून त्यांनी माझ्या मानेवर, पाण्याच्या जरा वर, एक बारीक छिद्र पाडलं. पंप थांबला की त्यातून हवा आत शिरते आणि उलटं वाहणं तुटतं. एरवी त्यातून झाकणावर बारीकशी पिचकारी उडते, एवढंच.

मोठ्या डॉक्टरांनी चाळीस वर्षं लोकांचे दात भरले. मग हात थरथरायला लागले. मुलगा म्हणाला, "बाबा, आता आराम करा." आराम करायला सांगितलेला माणूस किती अस्वस्थ असतो, ते मी रोज बघत होतो. नऊच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून हजर. मासिकं नीट लावायची, बसलेल्यांचे सुजलेले गाल न्याहाळायचे, आणि काउंटरवरच्या ताईंना विचारायचं, "आज आहे का काही माझ्यासाठी?"

"चहा आहे," ताई म्हणायच्या.

एका दुपारी त्यांनी सहज झाकण उचललं. पिचकारी थेट चष्म्यावर.

"ताई, हा पाईप गळतोय!"

"डॉक्टरांना सांगते हं," फोन कानाशी धरून ताई म्हणाल्या.

"त्याला कशाला त्रास? एवढंसं तर भोक आहे."

पंप बंद झाला. दात भरायचं सामान आलं. त्यांनी मला पुसून कोरडं केलं, उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं आणि अर्धा तास खपून माझं छिद्र भरलं. मला ओरडून सांगायचं होतं. पण खरं सांगतो, लाज वाटते, मला बरंही वाटत होतं. इतकं जपून मला कुणी हात लावला नव्हता.

त्यानंतर दिवा जरा मिचकावला तरी माझा जीव टांगणीला. पाचव्या दिवशी सकाळी अकराला वीज गेली. पंप थांबला आणि माझ्या पोटातलं पाणी उलटं फिरलं. मी काही करू शकलो नाही. कपाटाच्या फटींतून पाणी बाहेर आलं, लोकांनी पाय वर घेतले, ताई फडकी घेऊन धावल्या. तोवर ते दाराखालून आतल्या खोलीत शिरलं होतं. रुग्णाच्या खुर्चीचं पायाने दाबायचं बटण भिजून कायमचं बंद पडलं, आणि खुर्चीत एक गृहस्थ तसेच तोंड वासून आडवे!

डॉक्टरांनी झाकण उचललं, माझी मान पाहिली. ताई फरशीकडे बघत राहिल्या. मोठे डॉक्टर सगळ्यांच्या देखत उठले.

"मी भरलं. वाटलं गळतंय." मग हळूच म्हणाले, "उद्यापासून येत नाही मी."

डॉक्टरांचे कान लाल झाले होते. माझ्या भरलेल्या जागेवरून त्यांनी नख फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"कड लागतच नाही, बाबा. मला अजून असं जमत नाही."

आत जाऊन ते बॅटरीवरचं ड्रिल घेऊन आले. "हे राहू दे. शेजारी नवं पाडा. तुम्हीच. फक्त ते भरू नका."

"हात हलतो रे माझा."

"पाईपला कुठे दुखतंय?"

दुखलं. ड्रिल दोनदा घसरलं, छिद्र लांबट झालं. मी हूं की चूं केलं नाही.

तुमच्याकडे अशी टाकी असेल तर एवढंच मागणं आहे. वीज आज ना उद्या जाणारच. त्याआधी आमच्या मानेवरचं छिद्र बघा. शेवाळ धरलं असेल तर काढा. आणि दया येऊन ते बुजवू नका.

माझं छिद्र रोज नऊ वाजता साफ होतं. ताई पंप बंद करतात. मोठे डॉक्टर दात तपासायची टोकदार सळी घेऊन वाकतात आणि सवयीने म्हणतात, "आ करा." हात कापतो, टोक इकडेतिकडे आपटतं, नेम चुकतो, ते पुन्हा धरतात. दिवसभरात तेवढंच एक मिनिट माझ्यात पाणी धावत नसतं. त्यांना छिद्र सापडेपर्यंत मी अजिबात हलत नाही.