खाज नसलेला डाग

परळीच्या आमच्या मेडिकलमध्ये कुणीही बाही वर केली की मी गजकर्ण म्हणायचो. एका बापलेकाच्या मानेवरचे सारखे डागही मी घरात पसरलेलं गजकर्ण ठरवून दोघांना एकेक ट्यूब दिली होती. ती जन्मखूण निघाली. पण माणसं चिकाटीची, आठ महिने लावत राहिली.

माझा डिप्लोमा फार्मसीचा. गल्ली मला डॉक्टर म्हणायची आणि मी कधी अडवलं नाही.

शेजारच्या दानम्माकाकूंनी डावा हात काउंटरवर ठेवला. मनगटावर, करंगळीच्या बाजूला, फिकट डाग.

"खाजतंय का?"

"न्हाई रे केदार. कायबी होत न्हाई."

"म्हंजे लवकर आलात. लावा हे."

महिन्यानं पुन्हा विचारलं. खाज नव्हतीच. "बघा, ट्यूब लागू पडली," मी म्हणालो. खाज आधीही नव्हती, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. काकू म्हणाल्या, "तुझ्या हाताला गुण हाय बाबा." डाग वाढत होता. जाताना डाग असा पसरतोच, असं मी सांगितलं.

मग तव्यानं हात भाजला. "कवा भाजलं, कळलंच न्हाई," त्या म्हणाल्या. मी दुसरं मलम दिलं आणि काकू किती सोशीक म्हणून आईजवळ कौतुक केलं.

वर्षभरानं करंगळी आणि शेजारचं बोट वाकायला लागलं तेव्हा त्यांची सून कावेरी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन निघाली. डॉक्टरांना माझं मत लागेल म्हणून मीही गेलो.

डॉक्टरांनी काकूंना डोळे मिटायला लावले. "कापूस लागला की सांगा."

काकू गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "करा की सुरू, साहेब."

डॉक्टरांचं सहा वेळा लावून झालं होतं.

"गजकर्णाची कड लाल, उठलेली असते, खाजवून जीव जातो," ते म्हणाले. "हा डाग कोरडा, त्यावर केस नाहीत, जाणीव नाही. कुष्ठरोग आहे. गोळ्यांनी बरा होतो." मग कोपराजवळची नस चाचपली. ती दोरीसारखी झाली होती. "हे कधीपासून आहे? लवकर आलात तर बोटं वाचतात."

बोलायला म्हणून आलेला मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

"परवाच दिसलं," काकू म्हणाल्या.

वर्षभर गोळ्या झाल्या. रोग गेला. बोटं तशीच राहिली.

परवा सकाळी मी माफी मागायला गेलो. तेव्हा काकू पूजेला बसल्या होत्या, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन. पूर्वी त्या डोळे मिटून बसायच्या. आता टक्क उघडे होते.

"मिटले की हातात हाय का पडलं, कळत न्हाई," त्या म्हणाल्या.

"तुमी मिटा, काकू. मी बघतो."

"वर्षभर तूच बघत होतास की रे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. डोळे मात्र त्यांनी मिटले नाहीत.