घरातलाच कागद

मित्रांनो, आधी तुळजाबाईंचा फायदा सांगतो. मी देव्हाऱ्यात असल्यामुळे पाटोद्याजवळच्या आमच्या गावात त्यांना लग्नात पहिल्या पंगतीचं पान आणि भांडणात शेवटचा शब्द मिळे. एवढ्यासाठी कुणीही कागदाला हळदीकुंकू वाहील.

मी एक जुनं ओळखपत्र, म्हणजे शिफारसपत्र आहे, अडीचशे वर्षांचं. गावोगाव फिरून डोळ्यांवर इलाज करणाऱ्या अंबादास वैद्यांसाठी देशमुखांनी मला मोडीत लिहवून घेतलं. धर्मापुरीच्या पाटलांनी मला कपाळाला लावलं, कारकुनाकडून मोठ्याने वाचून घेतलं, मगच वैद्यांना ओसरी दिली. वाचल्याशिवाय मला मान नव्हता.

पुढे वैद्यांच्या वंशात, म्हणजे तुळजाबाईंच्या सासरी, वैद्यकी सुटली, मोडीही सुटली. उरलं ते कपाळाला लावणं. हळूहळू लोक मला दुखऱ्या डोळ्यांना लावू लागले. गर्दी वाढली, तसा मीही थोडा फुगलो. खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी तुळजाबाईंच्या सुनेचा, सत्यशीलेचा उजवा डोळा लालभडक झाला.

"आत्याबाई, लई ठणकायलंय. बीडला जाऊ द्या ना."

"कावून? दुनिया डोळे घेऊन आपल्या दारात येती, अन् आपलीच सून दवाखान्यात? उद्या कोण इचारील आपल्याला?"

आठ दिवस मला त्या डोळ्यावर दाबलं. माझ्या अंगावर पिढ्यांची हळद आणि धूळ. ती कण्हत होती. माझ्या पोटात उत्तर होतं, पण कागदाला तोंड नसतं. नवव्या दिवशी बीडला नेलं. डॉक्टरांनी फक्त विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

यंदा जुन्या नोंदी शोधायला मोडी वाचणारे शहादेव गावात आले. तुळजाबाईंनी मोठ्या तोऱ्यात मला पुढे केलं. ते वाचू लागले:

"हे वैद्य डोळियांचे कामात वाकबगार. डोळा लाल होऊन ठणकल्यास घरगुती उपाय करीत न बसणे. रोगी त्याच दिवशी यांजकडे पाठविणे. विलंबे डोळा जातो."

"परत वाचा," तुळजाबाई म्हणाल्या. त्यांनी परत वाचलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा सत्यशीला बोलली, "पुरे, काका. माझं पाठ झालं."

मित्रांनो, जुने कागद जरूर जपा. पण पुजायच्या आधी कुणाकडून तरी वाचून घ्या. इथे चूक सगळ्यांची झाली: घराण्याची, गावाची, माझीही. किंमत मोजली एकट्या सत्यशीलेने. आता ती सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारते.