मॅगझिनमधल्या अक्षता

मी एक जुनी पॉइंट टू-टू रायफल आहे. दचकू नका, मित्रांनो. कागदी टार्गेटाशिवाय मी आयुष्यात कशावरही चालले नाही. अक्रोडाच्या लाकडाचा माझा दस्ता, आणि एक गोळी उडाली की दुसरी आपोआप वर यावी अशी माझी रचना. ती गोळी वर ढकलायचं काम मॅगझिनचं. मॅगझिन म्हणजे पत्र्याची एवढीशी डबी. आत स्प्रिंग, स्प्रिंगवर एक पट्टी आणि पट्टीवर गोळ्या. ही डबी माझ्याबरोबरच कारखान्यातून आलेली. आमचं दोघींचं कधी बिनसलं नाही.

माझा पहिला मालक डेनिस गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे मी नेमबाजीच्या क्लबातल्या त्याच्या मित्राकडे, लंडनजवळच्या वॉटफर्डच्या उल्हासरावांकडे आले. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. रविवारी रेंजवर न्यायचे, घरी आल्यावर तेलाच्या फडक्याने पुसायचे आणि लोखंडी कपाटात कुलपात ठेवायचे. क्लबात सगळे मला ‘ओल्ड लेडी’ म्हणत. नव्या रायफली नटूनथटून यायच्या आणि माझ्यामागे राहायच्या. सुख सुख म्हणतात ते हेच, असं मला तेव्हा वाटायचं.

त्यांच्या पत्नी सुचेताबाई. ‘घरात बंदूक नको’ म्हणून आधी चांगल्याच भांडल्या होत्या. पण खंडेनवमीला हत्याराची पूजा चुकवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. उल्हासराव मला रिकामी करून पाटावर ठेवायचे, मॅगझिन शेजारी. मग हळदकुंकू, लंडनच्या हॅरो भागातून आणलेला झेंडू आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता. गेल्या वर्षी बाईंनी मोठ्या मायेने मूठभर अक्षता वाहिल्या, आणि त्यातले ओले दाणे मॅगझिनच्या उघड्या तोंडातून आत गेले. पट्टीच्या कडेला चिकटून तिथेच वाळले. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कशी?

पुढच्या रविवारी पहिली गोळी सुटली आणि दुसरी अर्ध्यावर अडकली. त्यानंतर दर रविवारी तेच. लायसन्स रिन्यू व्हायची वेळ जवळ आली होती. पोलिसांचा माणूस घरी येणार, ‘ही वापरता का?’ विचारणार. वापरात नसलेली रायफल ठेवायला सबळ कारण लागतं. मी चालले नाही, तर मला घर सोडावं लागणार होतं.

क्लबात अनुप नावाचा रेंज ऑफिसर होता, हॅरोत जन्मलेला. तो म्हणाला, “काका, जुना मॅगझिन ओपन करून बघितली का तुम्ही?”

“अरे, सिग्नल सांभाळलेत मी आयुष्यभर. दर रविवारी पुसतो मी तिला. मला साफसफाई शिकवतोस?”

पुसत होते, खरं आहे. पण बाहेरून.

मग ऑनलाइन मॅगझिनं यायला लागली, दुसऱ्याच कुठल्या कंपन्यांची. एक खुळखुळायचं, म्हणून त्याला टेप गुंडाळली. दुसरं घट्ट बसायचं, पण गोळी केसभर खाली धरायचं, त्यामुळे तिचं नाक माझ्या नळीच्या तोंडाखाली आपटायचं. उल्हासरावांच्या नाकी नऊ आले. शेवटी त्यांनी ठरवलं की मॅगझिन नवं आहे, म्हणजे दोष म्हातारीचाच. त्यांनी कानस घेतली आणि नळीच्या तोंडाशी गोळीला वर नेणारा जो उतार असतो, तो घासला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! माणसाने मायेने केलेली जखमसुद्धा जखमच असते हो. मला फार लागलं.

तरी गोळी अडलीच. तेव्हा त्यांनी मुकाट्याने जुनं मॅगझिन अनुपच्या हातात दिलं. अनुपने ते खोललं. लाल तांदळाचे दाणे टेबलावर पडले. त्याने स्प्रिंग पुसली, पट्टी पुसली, सगळं जागच्या जागी बसवलं. डबी पूर्वीसारखी झाली. पण मी पूर्वीची राहिले नव्हते. घासलेल्या उतारावरून गोळी तिरकी चढली आणि थांबली.

अनुपने टॉर्च लावून आत पाहिलं. “काका, आय ॲम सॉरी. हे आता सेफ नाहीये. मी हिला रेंजवर अलाउ नाही करू शकत.”

उल्हासरावांनी ते दाणे ओळखले. मग त्यांनी ते रुमालात गुंडाळून खिशात टाकले.

घरी सुचेताबाईंनी विचारलं, “काय निघालं हो?”

“काही नाही गं. जुनी झालीय ती. सोमवारी डीलरकडे देऊन येतो, तो मोडीत काढेल.”

बाईंना वाईट वाटलं. त्यांनी माझ्या दस्त्यावरून हात फिरवला. “दरवर्षी पूजा केली, म्हणून तरी एवढी टिकली.”

“हो,” उल्हासराव म्हणाले, “म्हणूनच टिकली.”

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू अडली तर तिच्या वयाला दोष देऊ नका. आधी ती उघडा, आत काय अडकलंय ते बघा. कानस उचलायची घाई करू नका. माझ्या बाबतीत ही घाई झाली. पण उल्हासरावांचा मला राग नाही, आणि सुचेताबाईंचा तर मुळीच नाही. सोमवारी डीलरने मोडीचं कारण विचारलं, तर उल्हासरावांना ‘म्हातारपण’ असंच सांगू दे.