मनुबाई पहिल्यांदा हँडलपाशी बसल्या

मित्रांनो, कोलशेतला खाडीकाठी जाळी वाळत घालतात, तिथे उभा असलेला जुना तीनचाकी टेम्पो म्हणजे मी. नऊ वर्षांपूर्वी मनुबाईंनी मला हार घालून घरी आणलं. कागदावर मालकीण त्या, चालवायचा त्यांचा मुलगा सूरज. वर्तकनगरच्या बाजारात मासळी पोचवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ‘टेम्पो आला की घड्याळ लावावं,’ असं गिऱ्हाइकं म्हणायची, तेव्हा मला अभिमान वाटे.

एका सकाळी सूरज फोनवर बोलत मला हाकत होता. नाक्यावर वाहतूक पोलीस रचनाताईंनी हात केला. दंडाच्या भीतीने त्याने वेग वाढवला. त्या झटकन बाजूला झाल्या, पण पडल्या आणि त्यांचं कोपर खरचटलं. सूरजच्या तोंडाला रुमाल होता, त्यामुळे चेहरा दिसला नाही. माझा नंबर मात्र दिसला.

दुपारी नंबरवरून शोध घेत पोलिसांनी मला चौकीसमोर आणलं आणि मालकीण म्हणून मनुबाईंना बोलावलं; सूरजही मागोमाग आला. सूरजला तुरुंगात टाकतील, असं शेजाऱ्यांनी मनुबाईंच्या मनात भरवलं होतं. गाडी कोण चालवत होतं, असं विचारताच त्या म्हणाल्या, “मीच व्हते.”

रचनाताईंनी आवाज चढवला नाही. चालकाचं नाव लपवणं किंवा खोटं सांगणं हाही गुन्हा आहे, त्याची शिक्षा वेगळी, हे त्यांनी समजावलं. मग म्हणाल्या, “मावशी, जबाबावर सही करण्याआधी एकदा गाडी चालू करून दाखवा.”

मनुबाई माझ्या सीटवर बसल्या. चावी कुठे लावायची, हेच त्यांना सापडेना. मला बोलता आलं असतं, तरी काय सांगितलं असतं कोण जाणे.

मागे उभा असलेला सूरज पुढे आला. “आये, उतर. मी चालवत व्हतो.”

मनुबाईंचा जबाब कोराच राहिला. सूरजला न थांबल्याचा आणि फोनवर बोलल्याचा दंड झाला, लायसन्स तीन महिने गेलं. त्याने रचनाताईंची माफी मागितली. ते तीन महिने मी जागच्या जागी गंजत होतो. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन मनुबाई रोज बसथांब्यावर जायच्या, सूरज दुसरी पाटी घेऊन मागून.

म्हणून सांगतो मित्रांनो, पोलिसांनी हात केला की थांबा, विचारलेलं खरं सांगा. ब्रेक आम्हा गाड्यांना असतो, पण तो दाबणारा पाय तुमचाच असतो.